नातीची पार्टी आणि आजोबांचे ताट

गेल्या वर्षी पावसाळा सरत असताना एका रविवारी रात्री दोनच्या सुमारास मला निगडीहून दूरध्वनी आला. माझ्या जुन्या रुग्णांपैकी एक, वय वर्षे ७६, अंथरुणात उठून बसले होते. आडवे झाले की दम लागत होता, पाय सुजले होते आणि छातीत घरघर होती. हृदयाची पंपशक्ती कमी झाल्याने त्यांना चार वर्षांपासून औषधे सुरू होती आणि त्यांवर त्यांचे उत्तम चालले होते. मी रुग्णवाहिका बोलावण्यास सांगितले. दोन दिवस रुग्णालयात काढून ते घरी परतले.

आदल्या संध्याकाळी काय झाले होते, हे सूनबाईंनी सांगितले. नात चाकणच्या एका जपानी कंपनीत दुभाषी म्हणून लागली होती. पहिल्या पगारातून तिने सर्वांना परिसरात नव्याने उघडलेल्या थाई रेस्टॉरंटमध्ये नेले. आजोबांना तेथील आंबट-तिखट सूप इतके आवडले की त्यांनी दोन वाडगे घेतले.

मी तत्परतेने निकाल देऊन टाकला : "काका, आता बाहेरचं खाणं बंद. अगदी बंद."

हा निकाल अर्धवट होता, हे मला तीन महिन्यांनी कळले. आजचा लेख त्या चुकीतून सुचला आहे. आपल्या घरात कोणी वयस्कर असेल, किंवा आपण स्वतः सत्तरी ओलांडली असेल, तर नव्या प्रकारच्या उपाहारगृहात जाताना काय पाहावे, काय विचारावे आणि कशाची भीती बाळगू नये, हे आपल्यासमोर मांडण्याचा हा प्रयत्न आहे.

आपले गाव आणि परक्या चवी

'हे थाई-कोरियन खाणे आपल्याकडे कुठून आले?' असा प्रश्न दवाखान्यात अनेक ज्येष्ठ विचारतात. पिंपरी-चिंचवडला मात्र परकी चव कधीच नवी नव्हती. फाळणीनंतर पिंपरी कॅम्पात सिंधी कुटुंबे वसली आणि दाल-पकवान येथल्या सकाळच्या नाश्त्यात सामील झाले. १९५४ साली पिंपरीत हिंदुस्थान अँटिबायोटिक्सची स्थापना झाली. पुढे आकुर्डी, चिंचवड, भोसरीचे कारखाने उभे राहिले, तसे केरळ, तमिळनाडू, बंगाल, पंजाबातून कामगार आले. त्यांच्यामागोमाग इडली, अप्पम, माशाचा झोल आणि तंदूरही आले. दापोडी आणि चिंचवडला सँडविक, अल्फा लाव्हल, एसकेएफ या स्वीडिश कंपन्या आल्या, तेव्हा आपण लहान होतो किंवा तरुण होतो. २००९ साली चाकणला फोक्सवॅगनचा कारखाना सुरू झाला, त्याच वर्षी मर्सिडीज-बेंझनेही तेथे बस्तान हलवले. तळेगावचा जनरल मोटर्सचा प्रकल्प घेण्याचा करार कोरियाच्या ह्युंदाईने २०२३ साली केला. जेथे जर्मन, जपानी, कोरियन अभियंते राहणार, तेथे त्यांचे जेवणही येणार. आणि जेथे ते आले, तेथे आपली नातवंडे आपल्याला घेऊन जाणार.

थाई जेवणाबद्दल तर परकेपणाची भावना थोडी बाजूलाच ठेवावी. त्यातील गवती चहा आपल्या परसात असतो. 'गलंगल' नावाचे आल्यासारखे मूळ म्हणजे आपल्या कुलिंजनाचे भाऊबंद. कीर्तनकार आणि गवई आवाजासाठी कुलिंजन तोंडात धरतात. थाई लोक मांसाबरोबर परततात ती 'कफ्राव' म्हणजे आपली तुळस आणि हिरव्या करीत पडणारी गोडसर वासाची पाने म्हणजे सब्ज्याच्या रोपाची. चिंच, नारळाचे दूध, ताडगूळ तर कोकणातल्या कोणालाही ओळखीचे. मिरचीचीही गंमत पाहा. पोर्तुगीजांनी १५१० साली गोवा घेतले आणि १५११ साली त्यांचा दूत सयामची राजधानी अयुथयेस पोहोचला. अमेरिका खंडातील मिरची त्यांच्याच जहाजांच्या मार्गाने दोन्ही भूमींत रुजली. म्हणजे आपला ठेचा आणि त्यांची करी एकाच पाहुणीची देणगी आहे.

मग आजोबांना त्रास कशाचा झाला?

मीठ, जे दिसत नाही

जागतिक आरोग्य संघटनेच्या सल्ल्यानुसार प्रौढ व्यक्तीने दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा कमी मीठ खावे, म्हणजे साधारण एक सपाट छोटा चमचा. त्यात सुमारे २,००० मिलिग्रॅम सोडियम असते. थाई स्वयंपाकात मिठाचे काम बहुतांशी फिश सॉस करतो. हा खारवलेल्या, आंबवलेल्या लहान माशांचा अर्क असतो. त्याच्या एका मोठ्या चमच्यात १,२०० ते १,५०० मिलिग्रॅम सोडियम असू शकते. सूपच्या एका वाडग्यात एवढा सॉस सहज जातो. दोन वाडग्यांत दिवसभराचा कोटा ओलांडला गेला आणि करी, नूडल्स अजून यायचेच होते.

चिनी आणि जपानी जेवणात हेच काम सोया सॉस आणि मिसो करतात, कोरियन जेवणात किमची आणि आंबवलेल्या सोयाबीनच्या चटण्या. आंबट, गोड आणि तिखट चवींच्या गर्दीत जिभेला खारटपणा जाणवत नाही, ही यातली खरी गोम आहे. आपल्या ताटातले लोणचे, पापड आणि सुकट हेही याच जातीचे आहेत. म्हणून परक्या जेवणाला दोष देऊन घरच्या लोणच्याला अभय देऊ नये.

शरीरात साठलेले सुमारे ९ ग्रॅम मीठ आपल्याबरोबर जवळपास १ लिटर पाणी धरून ठेवते. निरोगी मूत्रपिंड हा बोजा दोन-तीन दिवसांत बाहेर टाकते. ज्यांचे हृदय किंवा मूत्रपिंड दुबळे आहे, त्यांच्यात ते पाणी प्रथम पायांत आणि मग फुफ्फुसांत साचते.

येथेच 'अजिनोमोटो'बद्दलचा गैरसमजही दूर करावा. टोकियोचे रसायनशास्त्रज्ञ किकुनाए इकेदा यांनी १९०८ साली कोंबू नावाच्या समुद्री शेवाळापासून हा चवीचा पदार्थ वेगळा केला. मिठात वजनाच्या सुमारे ३९ टक्के सोडियम असते, अजिनोमोटोत सुमारे १२ टक्के. बहुतेकांना तो नेहमीच्या प्रमाणात अपाय करत नाही. 'अजिनोमोटो घालू नका' असे सांगून निर्धास्त होणारे कुटुंब सॉसबद्दल विचारतच नाही, हा खरा धोका आहे.

गोळ्या आणि ताट यांचे नाते

काही पदार्थ औषधांशी भांडतात. आपल्या गोळ्यांची यादी खिशात ठेवावी आणि पुढील गोष्टी ध्यानात घ्याव्यात.

पपनस : थाई उपाहारगृहात याची कोशिंबीर मिळते. ग्रेपफ्रूट हे पपनस आणि संत्रे यांच्या संकरातून जन्मलेले फळ. औषधांचे विघटन करणारे आतड्यातील एक विकर या फळांमुळे बंद पडते. कोलेस्टेरॉलसाठीच्या ॲटोरव्हास्टॅटिन, सिमव्हास्टॅटिन अशा गोळ्या आणि रक्तदाबाच्या काही गोळ्या त्यामुळे रक्तात प्रमाणाबाहेर वाढू शकतात. हा परिणाम एका दिवसाहून अधिक टिकतो, म्हणून 'गोळी रात्री घेतो, फळ दुपारी खातो' ही पळवाट उपयोगाची नाही. आपल्या डॉक्टरांना विचारूनच खावे.

नाट्टो आणि पालेभाज्या : रक्त पातळ ठेवण्यासाठी वॉरफेरिन किंवा ॲसिट्रोम घेणाऱ्यांनी आंबवलेल्या सोयाबीनचा 'नाट्टो' हा जपानी पदार्थ टाळावा. त्यात के जीवनसत्त्व भरपूर असते आणि ते औषधाचा परिणाम पुसून टाकते. पालेभाज्या बंद करण्याची गरज नाही. रोजचे प्रमाण एकसारखे ठेवावे, एवढेच.

करमळ : चांदणीच्या आकाराच्या फोडींचे हे आंबट फळ सजावटीसाठी किंवा रसात येते. मूत्रपिंडाचा आजार असणाऱ्यांनी त्याला हातही लावू नये. त्यातील विषारी द्रव्य दुबळे मूत्रपिंड बाहेर टाकू शकत नाही. न थांबणाऱ्या उचकीपासून भ्रम आणि झटक्यांपर्यंत त्रास होऊ शकतो.

शहाळ्याचे पाणी : मूत्रपिंडाचा आजार असेल, किंवा टेल्मिसार्टन, रॅमिप्रिल, स्पायरोनोलॅक्टोन यांसारख्या गोळ्या सुरू असतील, तर रक्तातील पोटॅशियम आधीच वरच्या पातळीवर असू शकते. 'नैसर्गिक आहे' म्हणून मोठा पेला भरून घेऊ नये.

समुद्री शेवाळ : सुशीभोवतीच्या काळ्या पट्टीत आणि विशेषतः कोंबूत आयोडीन असते. थायरॉईडच्या रुग्णांनी चवीपुरते खावे, रोजचा परिपाठ करू नये. कच्चा मासा मात्र कर्करोगाचे उपचार घेणाऱ्यांनी आणि प्रतिकारशक्ती दाबणारी औषधे घेणाऱ्यांनी पूर्ण टाळावा.

मधुमेहींसाठी धोका ताटाआधीच सुरू होतो. घरून निघताना गोळी किंवा इन्सुलिन घेतले, वाहतुकीत पाऊण तास गेला आणि जेवण यायला आणखी तासभर लागला, की साखर उतरते. आधी पदार्थ मागवावेत, किती वेळ लागेल ते विचारावे, मग डॉक्टरांनी सांगितलेल्या अंतराने औषध घ्यावे. पर्समध्ये तीन-चार चमचे साखर किंवा ग्लुकोजची पुडी असावी. थाई सुवासिक भात आणि चिकट भात दोन्ही साखर वेगाने चढवतात. म्हणून भात मूठभर, भाज्या आणि मासा, चिकन किंवा टोफू अधिक, आणि आंब्याबरोबरच्या चिकट भाताचे दोन चमचे नातवाच्या वाटीतून.

चावणे आणि गिळणे

कवळी असलेल्यांना आणि पक्षाघातानंतर गिळणे मंदावलेल्यांना आणखी जपावे लागते. थाई सूपमधील गवती चहाचे दांडे, गलंगलचे काप आणि जाड पाने वासासाठी असतात, खाण्यासाठी नव्हेत. वाढणाऱ्याने ती आधी काढून टाकावीत. जपानमध्ये नववर्षाला तांदळाचे चिकट 'मोची' खाताना वृद्ध गुदमरण्याच्या घटना दरवर्षी घडतात आणि तेथील यंत्रणा लोकांना दरवर्षी सावध करते. कोरियन उपाहारगृहातील तांदळाच्या चिवट नळ्याही त्याच गटातल्या. वृद्धांसाठी त्या मागवूच नयेत.

घास अडकला आणि व्यक्तीला बोलता किंवा खोकता येत नसेल, तर तिला पुढे वाकवून दोन्ही खांद्यांच्या मधोमध तळहाताच्या टाचेने पाच जोरकस थापा द्याव्यात. उपयोग झाला नाही तर मागून मिठी घालून, बेंबीच्या वर मूठ ठेवून आत-वर पाच झटके द्यावेत. घास निघेपर्यंत दोन्ही आलटून-पालटून करावे आणि दुसऱ्याने तोवर १०८ क्रमांकावर संपर्क साधावा. अडकलेल्या घासावर पाणी पाजू नये.

माळकरी आजीसाठी

देहू आणि आळंदी आपल्या दोन हातांवर आहेत. माझ्या अनेक रुग्णांच्या गळ्यात तुळशीची माळ आहे. त्यांच्या घरच्यांना एक गोष्ट स्पष्ट सांगतो. थाई उपाहारगृहातील 'भाजीची करी' शाकाहारी असेलच असे नाही. करीच्या वाटणात बहुधा सुकवलेल्या कोळंबीची पेस्ट असते आणि वरून फिश सॉस पडतो. म्हणून 'व्हेज आहे ना?' एवढे विचारून थांबू नये. 'वाटणात कोळंबी आहे का? फिश सॉस घातला आहे का?' असे दोन स्वतंत्र प्रश्न विचारावेत. आजीला कळणार नाही म्हणून चालवून घेणे हे तिच्या आयुष्यभराच्या नेमाशी केलेले कपट ठरेल. ज्यांना कोळंबी किंवा शेंगदाण्याची ॲलर्जी आहे, त्यांच्यासाठी तर हे प्रश्न जिवाशी संबंधित आहेत. थाई नूडल्सवर अनेकदा शेंगदाण्याचा कूट असतो.

मी न विचारलेला प्रश्न

आता पुन्हा निगडीच्या काकांकडे येऊ. माझ्या हुकमानंतर घरच्यांनी काटेकोर पथ्य पाळले. कुटुंब बाहेर जेवायला जाई, तेव्हा काकांसाठी डबा झाकून ठेवला जाई. पुढे त्यांच्यासाठी म्हणून सर्वांनीच जाणे सोडले. तिसऱ्या महिन्यात ते तपासणीला आले, तेव्हा वजन चार किलोंनी घटले होते. पायांवर सूज नव्हती, म्हणजे उतरले होते ते पाणी नव्हते. दंड बारीक झाले होते, सदरा खांद्यावरून लोंबत होता.

"जेवण जात नाही का, काका?" मी विचारले.

"जातं की. पण एकट्यानं किती जाणार?" ते म्हणाले.

सूनबाई थोड्या घुटमळल्या आणि म्हणाल्या, "डॉक्टर, एक सांगायचं राहिलं. त्या दिवशी बाबांनी लघवीची गोळी घेतलीच नव्हती. आदल्या दिवशीचीही नाही. आधी एकदा एका हॉटेलात गेलो होतो, तिथं स्वच्छतागृह जिना चढून वर होतं. त्यांना पोहोचायला उशीर झाला. तेव्हापासून बाहेर जायचं असलं की ते गोळी टाळतात. आम्हालाही परवाच कळलं."

मी स्तब्ध झालो. काकांनी मान खाली घातली होती. पस्तीस वर्षे कारखान्यात काम केलेला, घर उभे केलेला हा माणूस सर्वांसमोर धोतर ओले होईल या भीतीने दोन दिवस औषधाविना राहिला होता आणि हे कोणालाही सांगू शकला नव्हता. दोष एकट्या सूपचा नव्हता. मीठ वाढले त्याच दिवशी पाणी बाहेर काढणारी वाट बंद होती. त्या पहाटे मी 'काय खाल्ले?' एवढेच विचारले. 'गोळ्या घेतल्या होत्या का? नसतील, तर का?' हे विचारले असते, तर त्यांचे तीन महिने आणि चार किलो वाचले असते.

आपणांस हात जोडून विनंती आहे. लघवी वाढवणारी गोळी बाहेर जायचे म्हणून कधीही परस्पर टाळू नका. तिचा मुख्य जोर पहिल्या काही तासांतच असतो, त्यामुळे डॉक्टरांशी बोलून तिची वेळ पुढे-मागे करता येते. घरच्यांनीही हा विषय हसण्यावारी नेऊ नये. आधी स्वच्छतागृह कोठे आहे ते पाहून मग टेबल निवडावे.

निघण्यापूर्वी

त्या दिवशी आम्ही तिघांनी बसून एक बेत आखला. तो आपल्याही उपयोगी पडेल.

• रात्रीऐवजी दुपारचे जेवण निवडावे. उजेड असतो, गर्दी आणि गोंगाट कमी असतो, त्रास झाला तर डॉक्टर सापडतात.

• जागेची चौकशी दूरध्वनीवरच करावी : पायऱ्या आहेत का, कठडा आहे का, स्वच्छतागृह त्याच मजल्यावर आहे का. मंद प्रकाशातील एखादी न दिसणारी पायरी खुब्याचे हाड मोडण्यास पुरेशी असते.

• पदार्थ ताजा बनवताना फिश सॉस किंवा सोया सॉस निम्मा घालण्यास सांगावे. वरून लिंबू पिळावे, चव भागते. टेबलावरील सॉसच्या बाटल्या दूर सरकवाव्यात.

• सूपमधील भाज्या आणि मासा खावा, रस्सा दोन-चार चमचेच घ्यावा. खारटपणा रश्श्यात असतो.

• नारळाच्या दुधाच्या करीत संतृप्त मेद बराच असतो. एक करी दोघा-तिघांत वाटावी, साधा वाफवलेला भात घ्यावा.

• त्या दिवशी घरच्या जेवणात लोणचे, पापड, फरसाण नको.

• हृदयरुग्णांनी दुसऱ्या दिवसापासून रोज सकाळी लघवी करून आल्यावर, काही खाण्यापूर्वी वजन करावे. तीन दिवसांत २ किलोंनी वाढले, पाय सुजले किंवा आडवे झाल्यावर दम लागला, तर वाट पाहू नये, डॉक्टरांना कळवावे. दम वाढत असेल तर थेट रुग्णालय गाठावे.

ज्यांचे हृदय नुकतेच बिघडले आहे, ज्यांचे डायलिसिस सुरू आहे किंवा ज्यांना पाणी मोजून प्यायला सांगितले आहे, त्यांनी मात्र हा बेतही आपल्या डॉक्टरांना दाखवूनच अमलात आणावा.

एक घास सोबतीचा

डिसेंबरच्या एका शनिवारी काका पुन्हा त्याच ठिकाणी गेले. सकाळी सहालाच गोळी घेतली होती. टेबल स्वच्छतागृहाजवळचे होते. नातीने आत जाऊन स्वयंपाक्याला सॉस कमी घालण्यास सांगितले आणि सूपमधील दांडे स्वतः वेचून काढले. हे सारे तिनेच मला नंतर सांगितले. काकांचे मूळ गाव संगमेश्वराजवळचे. नारळाच्या दुधातली ती हिरवी करी त्यांनी भातावर घेतली, पहिला घास खाल्ला आणि म्हणाले, "अगं, यात गवती चहा आहे. आमच्या आईच्या न्हाणीमागं असायचा." मग त्यांनी आईच्या हातच्या माशाच्या कालवणाची गोष्ट सांगितली. ती नातीने पूर्वी कधी ऐकली नव्हती.

सोमवारी सकाळी त्यांनी मला स्वतः दूरध्वनी केला. वजन जेवढ्याचे तेवढे होते. पुढील तीन महिन्यांत हरवलेल्या चारपैकी अडीच किलो परत आले.

वाचकहो, म्हातारपणी पथ्य हवेच. पण पथ्य लिहून देताना माणूस पंगतीतून उठवला जाणार नाही, एवढे पाहणे आम्हा डॉक्टरांचे काम आहे, आणि आपलेही. पुढच्या वेळी घरातील मुले नव्या उपाहारगृहाचा बेत आखू लागली, की आजी-आजोबांना 'तुम्हाला चालणार नाही' असे सांगण्याआधी त्यांच्याजवळ क्षणभर बसा आणि विचारा, 'तुम्हाला यायला काय अडचण आहे?' उत्तर पोटाबद्दल येईलच असे नाही.